गोठ्यातली कोरियन डबी

मी क्रीमची डबी बोलतेय. साधीसुधी नाही, कोरियाची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझा सध्याचा पत्ता आहे मुरबाड तालुक्यातला एक डोंगरपाडा, तिथलं गोदूबाईचं घर, घराला लागून गोठा आणि गोठ्याच्या मातीच्या भिंतीतला कोनाडा. शेजारी गंज धरलेला विळा आणि सुतळीचं भेंडोळं. समोर दोन बैल रवंथ करत बसलेले.

माझ्या अंगावरची अक्षरं पुसत आलीत. झाकणाच्या कडेचा टवका उडालाय. पोटात आता क्रीम नाही. काय आहे ते कळेलच तुम्हाला. मला बोलायची हौस फार. बैल ऐकून घेतात, पण हूं की चूं करत नाहीत. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावं.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, लखलखीत टेबलं आणि वरच्या नळीतून पोटात उतरलेलं गारगार क्रीम, एवढंच. आम्ही सगळ्या बहिणी रांगेत उभ्या. एक गोष्ट मात्र तिथेच कानावर पडली आणि डोक्यात बसली: आपण दाट आहोत, पण तेलकट नाही. हा आमचा खानदानी तोरा. पुढे खोक्यात बसले, समुद्र ओलांडला, कुठल्या कुठल्या गोदामांतून फिरले, पण तोरा काही उतरला नाही.

खोकं उघडलं ते शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीत. उघडणारी होती वैष्णवी.

वैष्णवी शहापुरात एका मेडिकलच्या दुकानात काउंटरवर बसायची. रोज स्कूटीवरून जाऊन येऊन. रस्त्याचं काम निघालेलं, त्यामुळे सकाळी घरून निघालेली मुलगी दुकानात पोचेपर्यंत भुवयांसकट लाल व्हायची. दुकानात दिवसभर एसी. थंडी पडली की तिचे गाल असे उलायचे की हसली तरी दुखायचं. काहीतरी लावणं भागच होतं. पण तेलकट काही लावलं की रस्त्यावरची सगळी धूळ गालावर येऊन बसायची आणि नाकावरून चष्मा घसरायचा. नाही लावलं तर भेगा, लावलं तर चिखल, अशी तिची गत.

तिने काय काय करून पाहिलं होतं ते मला फळीवरच्या मंडळींकडून कळलं. साय लावून झाली, डबीतली जेली लावून झाली, दोन-तीन ट्यूबा अर्ध्यावर टाकून झाल्या. पारखायची तिची रीत ठरलेली होती. गालाला लावायचं, जरा थांबायचं आणि वर्तमानपत्राचा कपटा गालावर दाबायचा. भजी ठेवलेल्या कागदासारखा डाग पडला की ती म्हणायची, "नापास." मग ती ट्यूब आईकडे, टाचांना लावायला.

शेवटी दुकानातली मैत्रीण काजल तिला म्हणाली, "कोरियनवाली मागव ना. दाट असते, पण जराही चिकटत नाय." म्हणून मी आले.

माझी परीक्षा झाली तेव्हा सगळं घर बघत होतं. वैष्णवीने माझ्यातलं बोटभर क्रीम गालांवर पसरलं, थांबली, कागद दाबला आणि खिडकीशी नेऊन उजेडाला धरला. कोरडा ठणठणीत.

"पास," ती म्हणाली.

मी किती फुगले म्हणून सांगू. तिची आई अनिता मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "लावलंस आनि दिसत नाय, मग लावलंस कशाला गो?"

"तेच तर पायजे, आई."

फळीवर माझ्या शेजारी खोबरेल तेलाची बाटली होती. जुनी, अंग कायम ओशट, बुडाशी धूळ धरलेली. मी तिच्याकडे बघून नाक मुरडायची. तिच्या मागे भिंतीवर वैष्णवीचा चौथीतला शाळेचा फोटो होता. सगळ्या पोरांत एकच तोंड चकाकतंय. अनिता तेव्हा लेकीला डोक्यापासून हनुवटीपर्यंत तेल चोपडून शाळेत धाडायची आणि पोरं ओरडायची, "भजी आली, भजी आली." वैष्णवी तो फोटो सारखा उलटा करून ठेवायची आणि अनिता सारखा सुलटा करायची. मायलेकींचं हे किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

आता कवड्याबद्दल सांगते. तो आला नाही तर माझी गोष्ट पुढे सरकायची नाही.

कवड्या म्हणजे या घरचा बैल. डांगी जातीचा, काळा, अंगभर कवड्यांएवढे पांढरे ठिपके. डांगी जनावराच्या कातड्यालाच तेल सुटतं. कितीही पाऊस असू दे, पाणी अंगावर ठरत नाही. हात फिरवला तर तळवा ओशट होतो. शाळेत असताना त्याला टेकल्यामुळे वैष्णवीच्या गणवेशाला डाग पडायचे आणि ती रडायची. तरी टेकायची मात्र रोज. तिचं आणि त्याचं असं होतं.

कवड्याचा जोडीदार पावसाळ्याच्या अखेरीला साप चावून गेला. तोपर्यंत शेताला ट्रॅक्टर लागला होता, त्यामुळे कामाचं काही अडलं नाही. पण जन्मभर जोडीने चाललेला बैल एकटा पडला की कसा होतो ते मी फळीवरून खिडकीतून बघत होते. वैरण पुढ्यात तशीच पडून. मान सारखी डावीकडे, जिकडे जोडीदार उभा राहायचा तिकडे.

वैष्णवीचे वडील, सुनिल, आसनगावजवळच्या गोदामात वॉचमन म्हणून लागले होते. पाळीची ड्युटी. अनिताचा हात मोडून जोडलेला, तिला बैल आवरत नव्हता. एका सकाळी सुनिल जेवताजेवता म्हणाले, "याला जोड मिळाली पायजे. पौषात म्हशाच्या जत्रेतल्या बैलबाजारात नेतो. पन एक सांगून ठेवतो, दलालाला द्यायचा नाय. शेतकऱ्याच्याच गोठ्यात गेला पायजे."

दलालाने नेलेला बैल पुढे कुठे जातो ते कुणी विचारत नाही. म्हणून तर घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही.

अडचण एकच होती, पण मोठी. कवड्याच्या मानेवर, जू बसायचं त्या जागी, कातडं केस जाऊन टणक झालं होतं आणि थंडीने त्याला भेगा पडल्या होत्या. आतून खांदा ठणठणीत. पण बघणाऱ्याला वाटायचं, हा बैल खांद्यातून गेला, जुवाला कामाचा नाही. आणि जुवाला न चालणाऱ्या बैलाला शेतकरी कशाला घेईल? तो दलालाच्याच टेम्पोत चढणार.

जत्रेच्या आधी शेजारच्या गावचा एक शेतकरी घरीच बैल बघायला आला. अनिताने सकाळी मायेपोटी कवड्याच्या खांद्याला खोबरेल लावलं होतं. त्या गड्याने खांद्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "खोबऱ्याचा वास येतो. काय झाकून ठेवलंय, सुनिलभाऊ?" चहासुद्धा न पिता गेला.

सुनिल कधी आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशी चढवला. "बैलाच्या खांद्याला कोनी काय लावायचं नाय. जे हाये ते दिसू दे. मी आजवर जनावर विकताना खोटं बोललो नाय."

अनिताने बाटली फळीवर आणून ठेवली आणि पदराने डोळे पुसले. मला मात्र मनातून गुदगुल्या झाल्या. बघा म्हटलं, तेलकट असण्याचं हेच होतं, चार माणसांत पकडले जाता. माझा स्वभावच तसा.

त्या संध्याकाळी वैष्णवी गोठ्यात कवड्याला टेकून बराच वेळ उभी होती. मग घरात आली, माझ्याकडे बघत राहिली आणि मला उचलून गोठ्यात घेऊन गेली. सुनिल तेव्हा ड्युटीवर.

तिचा विचार मला लगेच कळला. लोक हात फिरवून तेल पकडतात. मग ज्याचं तेल हाताला लागतच नाही ते लावलं तर? भेगा बुजतील, कातडं मऊ होईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. तिने बोटभर क्रीम घेतलं आणि कवड्याच्या खांद्यावर चोळलं. मी हादरलेच. एवढा समुद्र ओलांडून आले ते काय बैलासाठी? पण कवड्याने डोळे मिटले आणि मान खाली केली, वैष्णवीच्या पोटाला कपाळ टेकवलं. त्याच्या नाकातून ऊन ऊन वारा माझ्यावर आला. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हेच. स्वतःच्या गालाला ती आता मला लावेना. मी संपत चालले होते आणि तिला जत्रेपर्यंत पुरवायची होती. दुकानात काजल विचारायची म्हणे, "अगं, गाल किती फुटलेत! डबी संपली का?" वैष्णवी हो म्हणायची. रात्री उशीवर गाल टेकताना तिच्या तोंडून हुं निघायचं, ते मी ऐकलंय.

भेगा खरंच बुजल्या. टणक कातडं नरम झालं. शेवटच्या दिवशी तिने तिथे वर्तमानपत्राचा कपटा दाबला आणि उजेडाला धरला. कोरडा. "पास," ती हळूच म्हणाली आणि मला पर्समध्ये टाकलं, जत्रेत ऐनवेळी लागले तर असू दे म्हणून.

म्हशाची जत्रा मी पर्सच्या फटीतून पाहिली. बैलच बैल. घुंगरांचा आवाज, शेणाचा आणि जिलबीचा एकत्र वास, घोंगड्यांचे ढीग. रुमालाखाली हातात हात घालून माणसं भाव करत होती; तोंडाने एक शब्द नाही, सगळं बोटांनी. सुनिल कवड्याला घेऊन आदल्या दिवसापासूनच तिथे होते. शेतकरी येत होते, दात बघत होते, पाय बघत होते. खांदाही बघत होते, पण केस नसलेली ती जागा पाहून "बघतो" म्हणून सरकत होते. दुपारी एक दलाल येऊन शेजारीच उभा राहिला. घाई नव्हती त्याला. असल्यांना माहीत असतं, संध्याकाळ होते आणि माणूस थकतो.

उन्हं कलताना एक म्हातारं जोडपं आलं. बाई पुढे, तरतरीत, तिच्या काठीचं दुसरं टोक धरून मागे म्हातारा. ही गोदूबाई आणि हा तिचा नवरा बारकू. बारकूबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते कळायचं नाही.

"आमचा येक बैल हाये," गोदूबाई म्हणाली. "जोड गेली त्याची. आमच्या उताराच्या वावरात ट्रॅक्टर काय चढत नाय. याला जरा बघू द्या."

सुनिल बाजूला झाले. बारकूबाबांनी काठी सोडली आणि कवड्याच्या पाठीवर हात ठेवला. शेपटीपासून सुरुवात केली. मांडी, कूस, बरगड्या, वशिंड. जागोजागी तळवा फिरवायचे आणि अंगठा बोटांवर घासायचे. चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं. "डांगीच हाये. तेल हाये अंगाला." मग हात खांद्यावर आला आणि थांबला. अंगठा बोटांवर घासला. परत फिरवला, परत घासला. हसू गेलं.

"हितं तेल नाय," बारकूबाबा म्हणाले. "सगळ्या अंगाला हाये, हितंच नाय. कातडं नरम हाये, आनि तेल नाय. काय लावलंय?"

"काय नाय लावलं, बाबा," सुनिल म्हणाले. "तिथं जू बसायचं, म्हनून केस गेलेत. बाकी जे हाये ते हे असं हाये. देवाशपथ सांगतो, मी खांद्याला काय लावलं नाय."

पर्सच्या आत मी गार पडले. ज्या गुणाचा मला एवढा गर्व, त्यानेच घोटाळा केला होता. इतर बैलावर खपलं असतं. पण ज्याच्या अंगालाच तेल, त्याच्या अंगावर तेलकट नसलेली जागा हाताला लगेच कळणार, हे त्या पोरीच्याही ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही. जन्मभर तिने त्याच्या तेलाचे डाग धुतले होते, तरी.

दलाल हसला. "चला, बाबा, तुमी दुसरा बघा. हितं कायतरी केलेलं दिसतंय."

गोदूबाईने काठी नवऱ्याच्या हातात दिली. सुनिल तसेच उभे, शपथ तोंडातच राहिल्यासारखे. आणि वैष्णवी? ती गप्प राहिली असती तर बापाची शपथ खोटी ठरली नसती, त्यांना माहीतच नव्हतं. पण म्हातारा जायला निघाला होता आणि बापाला भर जत्रेत खोटं समजून निघाला होता.

तिने पर्समधून मला काढलं.

"बाबांनी नाय लावलं, आजोबा. मी लावली. ही क्रीम. बाबांना माहीत नाय."

सुनिलनी लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता का, तर नव्हता. भरल्या ताटावरून उठवलेल्या माणसासारखं तोंड झालं होतं. गोदूबाईने मला हातात घेतलं, झाकण काढून वास घेतला. वास नव्हताच. बोट घालून हाताच्या पाठीवर चोळलं आणि दोन-तीनदा हात वरखाली करून पाहिला.

"लावली तरी लावल्यागत वाटत नाय," ती म्हणाली. "मग मानसाला कळायचं कसं, लावली का नाय ते?"

बारकूबाबा मात्र डबीत गुंतले नाहीत. वैष्णवीच्या आवाजाकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "भेगा होत्या?"

"होत्या."

"यानंच बुजल्या?"

"हो."

"मग पोरी, लपवायला लावली का बरं व्हायला लावली?"

वैष्णवीच्या फुटलेल्या गालांवरून पाणी आलं आणि ते झोंबत असणार, कारण तिने डोळे घट्ट मिटले. "दोन्ही," ती म्हणाली. "त्याला दलालाकडे जाऊ द्यायचा नव्हता."

दलालाने मान फिरवली. बारकूबाबा परत कवड्याजवळ आले, त्या खांद्यावर दोन्ही हात ठेवले आणि दाबून पाहिलं. कवड्याने अंग झाडलं नाही की पाय मागे घेतला नाही. म्हाताऱ्याने मान डोलावली. मग म्हणाला, "आतून दुखत नाय याला. जुवाने कातड्याचं तेल आटलंय, एवढंच. चोळून चोळून परत येतं. पन पावसाच्या आत आलं पायजे. नाय तर वल्या खांद्यावर जू ठेवलं की कातडं सोलून निघंल, मग माझ्याकडं येऊन उपेग नाय आनि तुझ्याकडं ऱ्हाऊनबी नाय."

"आनि नाय आलं तर?" सुनिलनी विचारलं.

"मग तो हाये की उभा," बारकूबाबांनी दलालाच्या दिशेला हनुवटी उडवली. आंधळा म्हणावं तर सगळं बरोबर.

रुमाल टाकला गेला. खाली बोटं काय बोलली ते मला ठाऊक नाही, आणि सुनिलनाही त्यात फार रस होता असं वाटलं नाही. मग दावं सोडलं. आपल्याकडे बैल देतात पण दावं देत नाहीत, ते विकणाऱ्याच्या घरी राहतं. सुनिलनी ते गुंडाळून काखेत धरलं. गोदूबाईने आपलं दावं कवड्याला बांधलं आणि वैष्णवीला म्हणाली, "ही डबी दे माझ्याकडं."

"त्यात फार नाय राहिली, आजी."

"क्रीम नको मला. नव्या गोठ्यात जनावर वैरन खात नाय. तुझ्या हाताचा वास या डबीला असंल. आपल्याला नाय येत, त्याला येतो."

वैष्णवीने माझं झाकण घट्ट लावलं, ओढणीने मला पुसलं आणि दिलं. तिला मी किती शोधून मिळाले होते, माहीत आहे ना तुम्हाला? मागे एकदाही न बघता दिलं. कवड्याने मात्र तीनचारदा मागे बघितलं.

अशी मी या कोनाड्यात आले. पहिल्या रात्री कवड्या उभाच होता. सकाळी गोदूबाईने मला उघडून त्याच्या नाकाशी धरलं, तेव्हा त्याने मला इतकं हुंगलं की मला वाटलं गिळतोच. मग खाली वाकून एक पेंडी ओढली. गोदूबाई बारकूबाबांना ओरडून म्हणाली, "खाल्लं गो बाय, खाल्लं." नवऱ्याला गो बाय म्हणाली, आणि त्याला ते चाललं.

उरलेलं क्रीम चार दिवसांत संपलं. मग तिने मला चुलीच्या राखेने घासलं. असं घासलं की कोरियातली अर्धी अक्षरं राखेबरोबर गेली. आणि उन्हात वाळवून माझ्या पोटात काय ओतलं असेल? करंजाचं तेल. पिवळं, कडू, उग्र वासाचं. मी, दाट पण तेलकट नसलेल्या खानदानातली, आणि माझ्या पोटात करंजेल! त्या दिवशी मला किन्हवलीच्या फळीवरची खोबरेलची बाटली आठवली आणि तिच्याशी मी कशी वागले ते आठवलं. तिला भेटले तर आता नाक मुरडणार नाही.

रोज सकाळी बारकूबाबा चाचपडत येतात, मला काढतात, दोन बोटं तेल घेऊन कवड्याच्या खांद्याला चोळतात. चोळून झालं की कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढतात. पुसल्यावर दुपारपर्यंत थांबतात आणि मग तळवा फिरवून अंगठा बोटांवर घासतात. माघ गेला, फाल्गुन गेला, शिमग्याची होळी पेटून विझली. रोज तेच, "नाय अजून." गोदूबाई म्हणायची, "जरा धीर धरा." रागाने नाही म्हणायची, पण चैत्रात ती सुद्धा आभाळाकडे बघायला लागली होती. कवड्या इकडे नव्या जोडीदाराच्या अंगाला अंग लावून बसायला लागलेला. त्याला कुठे ठाऊक, त्याच्या खांद्यावर त्याचं इथलं राहणं अडलंय.

वैशाखात एका दुपारी गोठ्याबाहेर स्कूटीचा आवाज थांबला. कवड्या बसला होता तो उठून उभा राहिला. त्याआधी मी ओळखलं नव्हतं.

वैष्णवी आत आली. भुवयांपर्यंत लाल धूळ, नाकावरून घसरलेला चष्मा. गाल मात्र बरे दिसत होते. गोदूबाईने पाणी दिलं, गालाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "दुसरी डबी घेतलीस वाटतं?"

"घेतली, आजी. तोंडाला तीच बरी पडते."

मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू. पण बरंही वाटलं. माझी धाकटी बहीण तिकडे फळीवर असेल, तोऱ्यात.

"बाबा नाय आले?" गोदूबाईने विचारलं.

"येतो येतो म्हणतात आनि ड्युटीचं निमित्त काढतात. दावं गोठ्यात खुंटीला टांगून ठेवलंय. घरी आले की रोज गोठा झाडतात, रिकामा." वैष्णवी बोलता बोलता थांबली. "मला म्हणाले, तू जाऊन बघ. तेल नसंल आलं तर मला सांगू नको."

बारकूबाबा ओट्यावरून उठून आले. म्हणाले, "सकाळपासून काय लावलेलं नाय. तूच बघ."

वैष्णवीने पर्स उघडली, वर्तमानपत्राचा कपटा काढला. कवड्याच्या खांद्यावर तिने तो ठेवला, वर तळवा दाबला आणि तशीच उभी राहिली, त्याच्या मानेला कपाळ टेकून. कागद काढायची तिला भीती वाटत होती. मलाही.

मग ती गोठ्याच्या दारात गेली आणि कागद उजेडाला धरला.

डाग होता. भजीच्या कागदासारखा, मोठा, तळव्याएवढा. त्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं.

ती "पास" म्हणाली नाही. तेलकट बोटाने चष्मा वर सारला, भिंगाला डाग पडला आणि तो तिने पुसला नाही. बारकूबाबा म्हणाले, "परवापासून हाये. म्हटलं, तुमच्यातलं कोनी येईल, त्यानंच बघावं." आणि गोदूबाई चहा टाकायला घरात गेली, कारण तिला कुणाच्या समोर डोळे पुसायला आवडत नाही.

निघताना वैष्णवीने मला उचललं. "आजी, ही डबी नेऊ का परत?"

"ने की. तुझीच हाये."

तिने झाकण काढलं. करंजाचा भपका आला. तिने आत बोट घातलं, बघितलं, हसली आणि झाकण लावून मला परत कोनाड्यात ठेवलं. "राहू दे. इथेच कामाची आहे." कागदाची मात्र घडी केली, मोबाईलच्या कव्हरात सरकवली. म्हणाली, "बाबांना देते."

तेव्हापासून मी इथेच. उद्या मला कुणी हातात घेऊन म्हणालं, शी, किती ओशट डबी, तर म्हणू दे. फेकू नका म्हणजे झालं.

आणि सुनिलभाऊ, तुमच्याशी मी कधी बोलले नाही, पण एक सांगते. पोरीने आणलेला कागद खिशात तसाच ठेवू नका. उघडा आणि उजेडाला धरा. मग एक दिवस ड्युटी सोडून या. कवड्या आता पोटभर खातो, जोडीदाराला चाटतो, सगळं बरं आहे त्याचं. फक्त संध्याकाळी बसतो तेव्हा तोंड रस्त्याकडे करून बसतो.